ससे, लव्हबर्ड्स, मांजरीची पिल्लं: दुकानात त्यांचे हाल दिसले तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

ईदेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजारात एक गर्दी ठरलेली असते. मुलांच्या हातात ईदी असते आणि त्यांना लव्हबर्ड्सची जोडी, ससा किंवा गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं हवी असतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, यासाठी प्रसिद्ध आहे. पण आता मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद असं कुठेही गेलात तरी बाजाराच्या एखाद्या गल्लीत पिंजरे टांगलेलं दुकान सापडतंच. एका पिंजऱ्यात वीस-पंचवीस पक्षी, पाण्याची वाटी कोरडी, कोपऱ्यात एक पक्षी फुगून डोळे मिटून बसलेला, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. बहुतेकांना वाईटही वाटतं. मग आपण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर मान फिरवून पुढे जातो, नाही तर त्यातलाच एखादा आजारी ससा "बिचारा वाचेल तरी" म्हणून विकत घेतो.

दुसऱ्या पर्यायाबद्दल आम्हाला आधी स्पष्ट बोलायचं आहे. दया येऊन घेतलेला ससा दुकानदाराच्या हिशोबात विकला गेलेला ससा असतो. रिकाम्या झालेल्या जागी पुढच्या आठवड्यात दुसरा येतो, तोही त्याच पिंजऱ्यात. त्या जनावराची काळजी वाटत असेल तर पैसे न देता, जे दिसलं ते लिहून योग्य ठिकाणी पोहोचवणं जास्त उपयोगाचं आहे. तेवढ्यासाठीच ही माहिती एकत्र देत आहोत.

नक्की काय बघायचं

"हाल चाललेत" एवढं लिहिलं तर कोणताही अधिकारी हलत नाही. नेमकं लिहावं लागतं, आणि त्यासाठी कोणत्या जनावराला काय लागतं हे थोडं माहीत हवं.

ससा उष्णतेला फार नाजूक असतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, उन्हात ठेवलेला ससा तोंड उघडून धापा टाकत असेल तर तो मरणाच्या दारात आहे असं समजा. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला आणि पोट नीट चालायला त्याला दिवसभर गवत लागतं. पिंजऱ्यात गवताची काडीही नसेल, नुसते धान्याचे दाणे किंवा गाजराचा तुकडा असेल, तर ते खाणं अपुरं आहे. उघड्या जाळीवर सतत बसून मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात, तेही पाहा. गिनी पिगच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून त्याला रोज ताजा हिरवा पाला हवा. मोठे झालेले हॅमस्टर एकाच डब्यात कोंबले तर एकमेकांना फाडतात. कान तुटलेले, पाठीवर जखमा असलेले हॅमस्टर दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

पक्षी आजार लपवतात. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या तावडीत आधी सापडतो, म्हणून तो शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखा वागतो. त्यामुळे जो पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, प्रत्येक श्वासाबरोबर ज्याची शेपटी वरखाली होतेय, तो खूपच आजारी झालेला असतो. मेलेला पक्षी जिवंतांबरोबर पिंजऱ्यातच पडून असेल तर फोटो काढाच.

मांजरीच्या पिल्लांबाबत वय महत्त्वाचं. आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू विकायला परवानगी नाही. पर्शियनच्या नावाखाली जेमतेम महिन्याभराची, नाक वाहणारी, डोळ्यांना चिकटा आलेली पिल्लं आपल्याकडे सर्रास विकली जातात. आईच्या दुधापासून लवकर तोडलेली, लस न दिलेली ही पिल्लं घरी आल्यावर आठवड्याभरात उलट्या-जुलाबाने मरतात आणि मुलं रडून रडून आजारी पडतात. दुकानदार म्हणतो, "तुम्हीच नीट ठेवलं नाही."

रंगीत पिल्लांची गोष्ट वेगळीच आहे. अंड्यांसाठीच्या कोंबड्या तयार करणाऱ्या हॅचरीत नर पिल्लं निरुपयोगी ठरतात. ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीही फारशी वाढत नाहीत. तीच रंगवून काही रुपयांना रस्त्यावर येतात. पहिल्या आठवड्यात त्यांना 32 ते 35 अंशांची ऊब लागते. पुठ्ठ्याच्या खोक्यात, बल्बशिवाय, रात्रीच्या पंख्याखाली ती टिकत नाहीत. आमचं मत विचाराल तर ही खरेदी कोणत्याही किमतीत करू नये.

घरच्यांच्या तब्येतीचाही प्रश्न यात आहेच. मांजरीची पिल्लं, ससे आणि गिनी पिग यांच्याकडून लहान मुलांना गजकर्ण होतं. कासव आणि कोंबडीच्या पिल्लांमुळे साल्मोनेलाचे जुलाब होऊ शकतात. पोपटवर्गातल्या आजारी पक्ष्यांपासून माणसाला फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. घाणेरडं दुकान म्हणजे हे सगळं एकाच ठिकाणी.

कायदा काय म्हणतो

मुख्य कायदा 1960 चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या ग्लासात ठेवलेला फायटर मासासुद्धा. कलम 11(1) मधली तीन पोटकलमं आपल्या कामाची आहेत. (ई): हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं. (एच): मालकाने पुरेसं खाणं, पाणी, निवारा न देणं. आणि (के), जे दुकानांना अगदी नेमकं लागू होतं: उपासमार, तहान, गर्दी किंवा इतर छळामुळे वेदना सोसणारं जनावर विक्रीला ठेवणं. तक्रारीत ही अक्षरं लिहा, फरक पडतो.

पण या कायद्याचा दंड ऐकून हसू येतं. पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. साठ वर्षांपूर्वी ठरलेली रक्कम आजही तीच आहे. शिवाय वरचे गुन्हे अदखलपात्र आहेत, त्यामुळे पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी नोंदवून हातात कागद देतात. तो कागद जपून ठेवा. आणखी एक अट फार कमी लोकांना माहीत असते: गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल झाला नाही तर तो पुढे चालवता येत नाही. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" करू नका.

खरा जोर आहे तो 2018 च्या पेट शॉप नियमांत. कुत्रा, मांजर, ससा, गिनी पिग, हॅमस्टर, उंदीर आणि पिंजऱ्यातले पक्षी या सगळ्यांची नावं त्यात आहेत. हे विकणाऱ्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. पिंजऱ्याची जागा, हवा, पाणी, स्वच्छता, आजारी जनावर वेगळं ठेवणं, सगळ्याचे नियम आहेत. नियम मोडले तर मंडळ नोंदणी रद्द करू शकतं. पन्नास रुपयांच्या दंडापेक्षा दुकानदाराला याची भीती जास्त असते. म्हणून पिंजरे बघण्याआधी भिंतीकडे बघा, प्रमाणपत्र आहे का? महापालिकेचा साधा दुकान परवाना म्हणजे ही नोंदणी नव्हे.

पोपट आणि मुनिया: इथे वाट वेगळी

लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट, मोठा करण पोपट, डोंगरी मैना, मुनिया हे सगळे भारतातले रानपक्षी. त्यांना पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तसंच, उलट त्याची शिक्षा आणखी कडक आहे. पोपटाच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे गिऱ्हाईकही सुटत नाही, हे घरातल्या थोरांना जरूर सांगा. "आमच्या आजोबांपासून घरात पोपट आहे" हे उत्तर वनखात्यापुढे चालत नाही.

बजरीगर मूळचे ऑस्ट्रेलियातले, लव्हबर्ड्स आफ्रिकेतले, त्यामुळे त्यांच्या विक्रीवर ही बंदी नाही. त्यांच्या हालांना मात्र 1960 चाच कायदा लागतो. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पोपटांची नोंदणी 2022 च्या दुरुस्तीनंतर सक्तीची झाली आहे.

रानपक्षी विकताना दिसले तर लेखी अर्जाची वाट पाहू नका. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. असे पक्षी बहुधा पुढे लटकवलेले नसतात. गिऱ्हाईकाने विचारल्यावर आतून, कापडाने झाकलेल्या टोपलीतून काढतात. आपण मागणी करून सापळा लावायला जाऊ नये, ते काम खात्याचं. जागा, वेळ आणि काय पाहिलं एवढं सांगितलं की पुरे.

आपल्याच माणसाची तक्रार?

हा प्रश्न आम्हाला टाळायचा नाही. यातली बरीच दुकानं आपल्याच मोहल्ल्यातल्या, ओळखीच्या भाईंची असतात. पिंजऱ्यांपुढे बसलेला पोरगा बहुतेक वेळा गावाकडून आलेला पगारी नोकर असतो. प्राण्यांच्या नावाने आपल्या समाजाला झोडपायला टपलेले लोक आहेत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे माणूस गप्प बसतो.

आम्हाला वाटतं, म्हणूनच पहिलं बोलणं दुकानदाराशी व्हावं. चारचौघांत नव्हे, गर्दी ओसरल्यावर. "भाई, पाणी संपलंय, ऊन लागतंय, हा पक्षी आजारी आहे, वेगळा ठेवा." पाणी, सावली, मेलेला पक्षी काढणं या गोष्टी पाच मिनिटांत होतात आणि पुष्कळ दुकानदार करतातही. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस त्यांनीही लहानपणी ऐकलेली असते. तिने मांजरीला खायला दिलं नाही आणि स्वतः शोधून खाण्यासाठी सोडलंही नाही. पिंजरा ज्याचा, जबाबदारी त्याची, हे त्यांना वेगळं समजावावं लागत नाही. बोलणं मशिदीच्या एखाद्या वडीलधाऱ्यांमार्फत किंवा व्यापारी संघटनेतून गेलं तरी चालेल.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. काहीच बदललं नसेल तर तक्रार करा, मग ओळख आड येऊ देऊ नका. दुकानाचा व्हिडिओ व्हॉट्सअॅप ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर मात्र टाकू नका. तो कुठल्या मथळ्याखाली कुठे फिरेल यावर आपला ताबा राहत नाही. शिवाय दुकानदार सावध होऊन दोन दिवस सगळं चकाचक करतो आणि तपासणीला आलेल्याला काहीच सापडत नाही. बदनामीची नोटीस आपल्याच नावावर येऊ शकते, ते वेगळं.

अर्ज कसा लिहायचा

गिऱ्हाईक म्हणून जिथे उभं राहता येतं तिथूनच फोटो घ्या. एक फोटो पाटीसह दुकानाचा, एक पिंजऱ्याचा पूर्ण, एक आजारी जनावराचा जवळून. नोकरांचे चेहरे नकोत. पिंजरा किती विती लांब-रुंद आणि आत किती जनावरं, हे मोजून लिहा. अर्ज एका पानात मावला पाहिजे, साधारण असा:

"दिनांक ___ रोजी दुपारी ___ वाजता ___ येथील ___ या दुकानात अंदाजे ___ विती लांब व ___ विती रुंद पिंजऱ्यात ___ पक्षी आढळले. पाण्याचे भांडे रिकामे होते. ___ पक्षी आजारी दिसत होते व एक मृत होता. पेट शॉप नोंदणीचे प्रमाणपत्र दिसले नाही. हे 1960 च्या कायद्याच्या कलम 11(1)(ई), (एच) व (के) तसेच पेट शॉप नियम 2018 यांचे उल्लंघन दिसते. तपासणी करून केलेली कारवाई लेखी कळवावी. फोटो सोबत जोडले आहेत."

भावनेची वाक्यं गाळा. "किती निर्दयी लोक आहेत" याने अर्जाचं वजन कमीच होतं.

हा अर्ज राज्य प्राणी कल्याण मंडळ आणि जिल्ह्याचे पशुसंवर्धन उपायुक्त यांना पाठवा, प्रत महापालिकेच्या परवाना विभागाला द्या. जिल्हा पातळीवर प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, तिलाही प्रत द्या. मुंबईत परळला 1874 पासूनची अशी संस्था आणि तिचं जनावरांचं रुग्णालय आहे. पोलीस ठाण्यात देताना सांगा की कलम 34 खाली शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी जनावर ताब्यात घेऊन तपासणीला पाठवू शकतो. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली.

महिन्याभरात उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात दोनच प्रश्न विचारा: या दुकानाची पेट शॉप नोंदणी आहे का, असल्यास क्रमांक काय, आणि अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली. 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. तीन महिन्यांची मुदत लक्षात ठेवूनच हे सगळं वेळेत करायचं.

आणि घरात आधीच हिरवा पोपट असेल तर? त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या किंवा पंख कापलेल्या पोपटाला धड उडता येत नाही, कावळे आणि मांजरं त्याला त्याच दिवशी संपवतात. 1926 वर फोन करून स्वतःहून वनविभागाकडे सोपवा आणि सोपवल्याचा लेखी कागद मागून घ्या.