इन्सुलिन आणि परिचारिका : मधुमेह-शुश्रूषेच्या प्रशिक्षणाचा एक दुर्लक्षित इतिहास

इन्सुलिनचा इतिहास बहुधा टोरांटोच्या प्रयोगशाळेत सुरू होतो आणि १९२३ च्या नोबेल पारितोषिकापाशी संपतो. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास पहिले इंजेक्शन देण्यात आले, ही घटना सर्वपरिचित आहे. परंतु औषधाचा शोध लागणे आणि ते दररोज योग्य मात्रेत, जेवणाच्या वेळेशी मेळ घालून रुग्णास मिळणे, या दोन भिन्न घटना होत. दुसरी घटना मुख्यतः परिचारिकांच्या हातून घडली. प्रस्तुत लेखात तिचाच विचार केला आहे.

इन्सुलिनपूर्व काळात फ्रेडरिक ॲलन यांची उपासमारीची उपचारपद्धती रूढ होती. तीत परिचारिकेचे काम प्रामुख्याने पहाऱ्याचे होते. अन्न तराजूत तोलून द्यावयाचे आणि रुग्ण चोरून काही खात नाही ना, यावर लक्ष ठेवावयाचे. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्ये मधुमेहावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. डॉक्टर आणि रुग्ण या उभयतांच्या उपयोगासाठी ती असल्याचे तिच्या शीर्षकातच म्हटले होते. त्या शीर्षकात परिचारिकेस स्थान नव्हते, हे लक्षणीय आहे. कारण पुढे जॉस्लिन यांची सारी व्यवस्था तिच्यावरच उभी राहिली.

जॉस्लिन यांनी ७ ऑगस्ट १९२२ रोजी प्रथम ज्या रुग्णास इन्सुलिन दिले, त्या एलिझाबेथ मज स्वतः परिचारिकाच होत्या. हा योगायोगच, परंतु इन्सुलिनने परिचारिकेच्या कामाचे स्वरूप पालटले, हा मात्र योगायोग नव्हे. आता तिला बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून ते उकळावे लागे आणि निळ्यापासून विटकरीपर्यंत बदलणारा रंग अचूक ओळखावा लागे. घाम, कंप, भ्रम ही रक्तशर्करा घटल्याची लक्षणे दिसताच संत्र्याचा रस किंवा साखर देणे हेही तिचेच काम. शिवाय रुग्ण घरी गेल्यावर हे सर्व त्याने स्वतः करावयाचे असल्यामुळे शुश्रूषा करणारीस शिक्षिकाही व्हावे लागले. जॉस्लिन यांनी अशा खास प्रशिक्षित परिचारिका रुग्णांच्या घरीही पाठविल्या. त्यांना ‘फिरत्या परिचारिका’ असे संबोधले जाई.

या प्रशिक्षणातील खरी अडचण वैद्यकापेक्षा अंकगणिताची होती. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ प्रति मिलिलिटर २०, ४० आणि ८० युनिट अशा भिन्न तीव्रतेचे इन्सुलिन उपलब्ध होते. सिरिंजवर मात्र प्रति मिलिलिटर २० खुणा असत. त्यामुळे एका खुणेचा अर्थ बाटलीनुसार एक, दोन किंवा चार युनिट असा बदलत असे. रात्रपाळीच्या दमलेल्या परिचारिकेकडून या गणितात चूक झाली, तर दोष तिला द्यावयाचा की मोजमापाच्या त्या व्यवस्थेला? ब्रिटनने १९८३ मध्ये १०० युनिटचे एकच प्रमाण स्वीकारले. साधनातील दोष प्रशिक्षणाने झाकण्यात सहा दशके गेली, असे म्हणणे कठोर वाटले तरी अयथार्थ नाही.

या कामास स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा मात्र उशिरा लाभली. अमेरिकेत मधुमेह-शिक्षकांची संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्यांच्या प्रमाणपत्राची परीक्षा १९८६ मध्ये सुरू झाली. म्हणजे जॉस्लिन यांच्या परिचारिका जे काम करीत होत्या, त्यास नाव मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

मुंबईत १९५५ मध्ये भारतीय मधुमेह संघटना स्थापन झाली. तथापि, मोजमापाचा प्रश्न आपल्याकडे अद्याप इतिहासजमा झालेला नाही. भारतात ४० युनिटच्या बाटल्या आजही वापरात आहेत. त्याचबरोबर १०० युनिटचे इन्सुलिनही मिळते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी आणि नारिंगी टोपणाची १०० साठी असते. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने विसाव्या खुणेपर्यंत औषध घेतल्यास रुग्णास वीसऐवजी आठच युनिट मिळतात. उलट अदलाबदल झाल्यास वीसऐवजी पन्नास.