मोबाईलवर पत्त्यांचा गेम: टर्मक्समध्ये प्रोजेक्ट कसा सुरू कराल?

कर्जत-खालापूरच्या ठिकाणांवर पत्त्यांचा गेम बनवायचाय? प्रत्येक कार्ड वेगळं डिझाइन करू नका. सगळी माहिती एका फाईलमध्ये ठेवली, की चूक सुधारायला एकच ओळ बदलावी लागते. (कमांड इंग्रजी अक्षरांत टाईप करा.)

1. एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स घ्या. ‘पीकेजी इन्स्टॉल गिट इमेजमॅजिक’ चालवा.

2. ‘एमकेडीआयआर गेम’ने फोल्डर बनवा, ‘सीडी गेम’ने आत जा, मग ‘गिट इनिट’. पुढे प्रत्येक बदलानंतर ‘गिट ॲड’ आणि ‘गिट कमिट’ केलं, की जुनी आवृत्तीही जपली जाते.

3. सीएसव्ही फाईलमध्ये एका ओळीत एक कार्ड लिहा:
नेरळ-माथेरान रेल्वे,1907
खोपोली वीजकेंद्र,1915

4. कार्डाचा आकार 750 बाय 1050 पिक्सेल ठेवा. 300 डीपीआयवर ते अडीच बाय साडेतीन इंच छापलं जातं.

5. देवनागरी फॉन्टची फाईल जोडून आधी ‘कर्जत’ छापून बघा. ‘खालापूर’मध्ये जोडाक्षर नाही, त्यामुळे ते नीट दिसलं तरी फसू नका. रफार तुटला, तर ‘मॅजिक -व्हर्शन’च्या यादीत ‘आर-ए-क्यू-एम’ आहे का ते तपासा. नसेल, तर कार्ड एचटीएमएलमध्ये लिहून ब्राउझरमधून पीडीएफ काढा. ब्राउझर जोडाक्षरं बरोबर जुळवतो.

सगळा गठ्ठा छापायला टाकण्याआधी ही चाचणी कराच.