इंग्रजीतील अनियमित अनेकवचनांची कुळकथा

'फूट'चे 'फीट', 'माउस'चे 'माइस', 'चाइल्ड'चे 'चिल्ड्रन' ही रूपे शालेय व्याकरणांत अपवाद म्हणून दिलेली असतात आणि विद्यार्थी ती मुकाट्याने घोकतो. परंतु हे अपवाद म्हणजे जुन्या, सुव्यवस्थित नियमांचे अवशेष होत, हे त्याला कोणी सांगत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

प्राचीन जर्मानिक भाषेत पायाचे अनेकवचन 'फोतिझ' अशा धर्तीचे होते. पुढच्या इकारासाठी जीभ आधीच सरसावू लागल्याने आतला दीर्घ ओकार क्रमाक्रमाने एकाराकडे झुकला, आणि कालांतराने प्रत्यय झडून गेला तरी त्याने घडविलेला स्वरभेद मात्र कायम राहिला. पंधराव्या शतकापासून उच्चार पुन्हा पालटले. तथापि 'फूट'मध्ये जोडीने येणारा 'ओ' आणि 'फीट'मध्ये जोडीने येणारा 'ई' आजही त्या जुन्या उच्चारांचा दाखला देतात. 'माइस'मधील 'सी' हे अक्षर मात्र १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दप्तरांत शिरलेल्या फ्रेंच लेखनपद्धतीची देणगी आहे.

'चिल्ड्रन'ची कथा याहून रसाळ. जुन्या इंग्रजीतील 'चिल्ड्रु' हे रूप मुळातच अनेकवचनी होते. पण तो प्रत्यय लोकांच्या विस्मरणात गेल्यावर दक्षिणेकडील बोलींनी त्याला 'एन' हा आणखी एक प्रत्यय जोडला. अंड्यांसाठी रूढ असलेला 'आयरेन' हा शब्दही असाच दुहेरी अनेकवचनाचा. इंग्लंडचा आद्य मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४९० सालच्या 'एनेडोस'च्या प्रस्तावनेत लिहिले आहे, की वाऱ्याअभावी थेम्सच्या मुखाशी खोळंबलेल्या व्यापाऱ्यांपैकी एकाने किनाऱ्यावर जाऊन गृहिणीकडे 'एगेस' मागितली, तेव्हा आपल्याला फ्रेंच येत नाही असे ती म्हणाली, आणि फ्रेंच त्यालाही येत नसल्यामुळे तो रागावला. अखेर दुसऱ्याने 'आयरेन' म्हटल्यावर तिला अर्थबोध झाला. एकाच भाषेच्या निरनिराळ्या प्रांतांतील बोलींना परस्परांचे नेहमीचे शब्दही कळू नयेत, इतके अंतर त्यांच्यात असल्याचा हा अस्सल पुरावा आहे.

पुढे एका पुल्लिंगी नामवर्गाच्या 'अस्' प्रत्ययापासून निघालेल्या 'एस'चा अंमल उत्तरेकडून दक्षिणेकडे पसरत गेला आणि 'आयरेन' लुप्त झाले. जुन्या 'अन्' प्रत्ययाचा थेट वारसा सांगणारे एकच अनेकवचन आज सर्वसामान्य व्यवहारात उरले आहे. ते म्हणजे बैलांसाठीचे 'ऑक्सन'.