नाव इंजिनाचं, भार दात्यांवर

मोटार वळण घेते तेव्हा बाहेरच्या बाजूचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर एक फरफटत जाणार. म्हणून मागच्या चाकांच्या मधे दातेरी चाकांची एक पेटी असते, डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. इंजिनाचा सगळा जोर शेवटी या पेटीच्या दात्यांतूनच चाकांपर्यंत पोचतो. आपण मात्र बॉनेट उघडून इंजिन पाहतो. गाडीखाली डोकावतो कोण?

‘कोब्रा’ या गाजलेल्या गाडीच्या इतिहासाचंही असंच झालं आहे.

इंग्लंडमध्ये टेम्स डिटनला ए.सी. नावाची छोटी कंपनी होती. तिची ‘एस’ ही हलकी, देखणी स्पोर्ट्‌स कार ब्रिस्टलच्या दोन लिटरच्या इंजिनावर धावे. ब्रिस्टलने ते इंजिन बनवणं थांबवलं आणि ए.सी.ची पंचाईत झाली. १९६१ मध्ये टेक्सासच्या कॅरोल शेल्बींचं पत्र आलं. १९५९ची ल मांची शर्यत जिंकलेला हा माणूस हृदयविकारामुळे शर्यती सोडून बसला होता. तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-एट इंजिन घालू या, असं त्याचं म्हणणं. फोर्डने इंजिन दिलं. फेब्रुवारी १९६२ मध्ये इंजिनाविना गाडी विमानाने लॉस एंजेलिसला पोचली, आणि आठ तासांच्या आत इंजिन बसवून ती पळवलीही! मोटारवेडी मंडळी हा किस्सा अजून चवीने सांगतात.

पण ते आठ तास पुरले, कारण खरं काम आधीच टेम्स डिटनला झालं होतं. ४.२ लिटरच्या फोर्ड इंजिनाचा पीळ जुन्या ई.एन.व्ही. पेटीला झेपणारा नव्हता. तिच्या जागी सॅलिसबरीची दणकट पेटी आली. जग्वारच्या ई-टाइपमध्ये हीच असे, म्हणून काहीजण तिला जग्वारची म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. जग्वारही ती सॅलिसबरीकडूनच घेई.

नुसतं जुनं काढून नवं लावलं, असं हे काम नसतं. या गाडीची मागची दोन चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यामुळे पेटी चाकांबरोबर हलत नाही, चासीलाच आवळलेली असते. पेटी जड आणि जोर मोठा, मग तिला धरणारे आधारही तसेच लागतात. पहिल्या गाडीत मागचे डिस्क ब्रेकही पेटीलगतच होते, म्हणजे चाकांवरचं वजन कमी. विक्रीच्या गाड्यांत खर्च वाचवायला ते पुन्हा चाकांपाशी नेले.

चक्राच्या दातालाही मराठीत दाता म्हणतात आणि देणाऱ्यालाही. कवीला असे शब्द सुटत नाहीत!

१९६५ मध्ये शेल्बींच्या कोब्रांनी फेरारीला मागे टाकून जी.टी. गाड्यांचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. कोब्राच्या अंगावर शेल्बींचं नाव आलं, बाजूला ‘पॉवर्ड बाय फोर्ड’ ही पट्टी आली. सॅलिसबरीची पाटी कुठेच नव्हती.