अंगठा, रोखा आणि वही

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावात शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. लोकांनी कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या मागितल्या आणि हाती लागल्या त्या जाळल्या. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतली तीसहून अधिक गावे पेटली. सरकारी चौकशीतून एक गोष्ट स्पष्ट झाली: जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या कुणब्याला आपला गळा नेमका कोणत्या कागदात अडकला आहे, हे पक्के ठाऊक होते. गरीब कुटुंबांना पैशाचे शहाणपण शिकवण्याच्या आपल्याकडच्या प्रयत्नांचा इतिहास इथून मोजला, तर सुरुवातीलाच एक गैरसमज गळून पडतो. उणीव अकलेची नव्हती. लिहिलेला हिशेब दुसऱ्याच्या पेटीत होता आणि तो तपासायला कुणब्यापाशी काही साधन नव्हते.

त्या कागदाची करणी समजून घ्यायला हवी. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घेऊ लागला. उदाहरणादाखल, शंभर रुपये शेकडा २५ दराने घेतले आणि काहीच फेडता आले नाही, तर तीन वर्षांनी अंगठा १७५ रुपयांच्या रोख्यावर उठतो आणि सहा वर्षांनी ३०६ रुपयांच्या. मधे धान्याच्या रूपाने काही फेड झाली असली, तरी तिची पावती नसे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने या दुखण्यावर बोट ठेवले. दस्त गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, शेतकऱ्याला पावती मिळावी, वर्षाला हिशेबाचा उतारा मिळावा, मागितल्यास पासबुकही मिळावे, असे हक्क त्यात होते. कागदावर यापेक्षा चांगली आर्थिक साक्षरता कोणती? पण कर्ज देणारा दुसरा कोणी नव्हता, आणि ज्याच्याकडून पुढच्या पेरणीला बियाणे आणायचे त्याच्याकडे पासबुक मागायला कोण धजणार? सावकारांनी गहाणखताऐवजी दिखाऊ खरेदीखते करून घ्यायला सुरुवात केली आणि जमीन थेट नावावर जाऊ लागली.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर खेड्यातल्या प्राथमिक शाळेचा जो अभ्यासक्रम मांडला, त्यात बालबोधीबरोबर मोडी होती, हिशेब होता आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही होते. मोडीचा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण व्यवहाराचे कागद त्या लिपीत असत. आपल्याच कर्जाचा कागद वाचता येणे हे त्यांच्या लेखी शिक्षण होते. दुसरी बाजू, म्हणजे कर्ज देणारी पर्यायी जागा, १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने उघडली. सहकाराचे शिक्षण देण्यासाठी १९१८ मध्ये मुंबईत संस्थाही निघाली. तरीही व्याख्यानांपेक्षा पतपेढीची मासिक बैठक हाच मोठा वर्ग होता, असे माझे मत आहे. १९२३ मध्ये लोणी बुद्रुकला पतपेढी उभी करणारे विठ्ठलराव विखे पाटील स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले होते.

पण या बैठकांत बाई जवळपास नव्हतीच, आणि घर तर तीच चालवत होती. गिरणगावात हे सर्वांत उघड दिसते. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार गाळ्यात दाटीवाटीने राही आणि चाळीतल्या एखाद्या बाईच्या खाणावळीत जेवे. तो पैसे देणार पगार झाल्यावर, पण तांदूळ, डाळ आणि रॉकेल आज लागते. मधला महिना बाई वाण्याच्या उधारीवर काढी, आणि उधारीचा माल महाग पडे. मग दागिना गहाण जाई. तिला हिशेब येत नव्हता असे कोण म्हणेल? वीस ताटांचा अंदाज ती डोळ्यांनी घेत असे. तिला फक्त एका महिन्याचे भांडवल हवे होते. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते नेमक्या या जागी. गोवा मुक्तीच्या लढ्यात जखमी झालेल्या प्रेमाताई कामगार चळवळीत होत्या. बँका १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या, पण तारण नसलेल्या बाईला दार बंदच होते. एकमेकींना जामीन राहणाऱ्या बायकांचे गट करून मंडळाने ते उघडले. अर्ज भरणे, सही करणे, हप्ता वेळेवर नेणे हे सगळे शिक्षण झाले, पण कर्जाच्या निमित्ताने. वाण्याला रोख देऊन माल घेता आला की बचत किती होते, हे कोणाला फळ्यावर समजावून सांगावे लागले नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की बाहेरचे आभाळ फाटले तर वही काय करणार? जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि जेवणाऱ्यांचा पगारच थांबला. कोणत्याही हिशेबाने ती झळ टळणारी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. म्हणून अशा शिक्षणाला मजुरीचा, शेतमालाच्या भावाचा किंवा दुष्काळी कामांचा पर्याय म्हणून पुढे करणे मला अन्यायाचे वाटते. पण संकट आल्यावर आधी दागिना विकायचा, वाण्याकडे जायचे की बँकेकडे मुदत मागायची, ही निवड ज्या घराजवळ असते, ते घर वेगळ्या जागी उभे असते. दुसरा आक्षेप बचत गटांवरचा आहे. गटाची हमी हीच पुढे वसुलीची सक्ती बनते, आणि खासगी वित्त कंपन्यांनी तीच पद्धत उचलून एका बाईच्या दारात तीन-तीन हप्ते आणून ठेवले. हे खरे आहे. मात्र सांगली-साताऱ्याच्या गावांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत चालणाऱ्या भिशीकडे पाहिले, तर फरक कुठे पडतो ते कळते. भिशीत पैसा सभासदांचा, नियम सभासदांचे आणि नोंदही त्यांच्यापैकीच एकीकडे. कंपनीच्या कर्जात यातले काहीच बाईच्या हातात नसते, आणि १८७५ चा रोखा तसाच परत येतो.

साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी आपली बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. अर्जदार बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते. गावात लिहिण्या-वाचण्याचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी त्या बायका पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कोणतीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या काही महिन्यांत बायका शिकल्या ती सही. व्याज त्यांना आधीपासून येत होते.