भीतीचे राज्य आणि काळ्यांचे चर्च

दलित पँथरने १९७२ साली आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्या चळवळीतला कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. काळ्यांच्या कवितेविषयी, त्यांच्या आत्मचरित्रांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या चर्चमध्ये तो काळा माणूस दर रविवारी जाऊन बसत होता, त्या चर्चकडे आपण जरा दुरूनच पाहिले. कारण उघड आहे. धर्म म्हटला की आपल्यासमोर प्रथम उभी राहते ती गुलामगिरीला पावित्र्य देणारी यंत्रणा. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत तर बाबासाहेबांनी धर्मांतरित अस्पृश्यांविषयी लिहिताना टोचणारे प्रश्न विचारून ठेवले आहेत. चर्चमध्ये जाऊनही जात का गेली नाही? धर्मांतरित माणूस अन्यायाविरुद्ध उभा का राहत नाही? हे आक्षेप खोटे नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या दक्षिणेत याच धर्माच्या आधाराने एक भ्यायलेला समाज उभा कसा राहिला, हे तपासून पाहिले पाहिजे.

भय हा तेथे एकट्यादुकट्याच्या मनाचा विकार नव्हता; ती राज्य करण्याची पद्धत होती. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार केलेल्या काळ्या माणसांची नोंदलेली संख्या चार हजारांहून अधिक आहे. प्रत्येकाला मारावे लागत नसे. एकाला मारले की पंचक्रोशीतली माणसे मान खाली घालून चालू लागत. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हे भय वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या भयाला बायबलचाही आधार दिला गेला होता. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, हे पौलाच्या पत्रातले वचन मळ्यावर आणलेला गोरा धर्मोपदेशक पुन्हा पुन्हा वाचून दाखवी. गुलाम ठेवणाऱ्याला मिशनरी नेमावे की नाही, या वादातून दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांनी १८४५ साली आपली वेगळी संघटनाच काढली. पण गुलाम रात्री दुसरीच प्रार्थना करीत. रानात, ओढ्याच्या घळीत ते गुपचूप जमत आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी एक भांडे उपडे घालून ठेवीत. भांडे आवाज गिळते अशी त्यांची समजूत होती. ती खरी की खोटी याला महत्त्व नाही. धन्याचाच ग्रंथ घेऊन, धन्याला ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी, त्यांनी त्यातून मोझेसची कथा निवडली आणि दासांची आज्ञाधारकता वगळली. वाचनाची ही निवड हाच पहिला विद्रोह होय.

हावर्ड थर्मन या काळ्या विचारवंताने या निवडीला पुढे तात्त्विक रूप दिले. त्याची आजी गुलामगिरीत जन्मलेली, निरक्षर. ती नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रे बहुतेक वाचू देत नसे; गोऱ्या उपदेशकाने तीच ऐकवली होती. १९३५-३६ मध्ये थर्मन सिलोन आणि हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा कोलंबोत एका सुशिक्षिताने त्याला विचारले की, ज्या धर्माच्या लोकांनी तुम्हाला गुलाम केले, त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही येथे कसे आलात? आपल्यापैकी कोणीही हाच प्रश्न विचारला असता. त्याचे उत्तर थर्मनने १९४९ च्या ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ या पुस्तकात सविस्तर दिले. त्यातले एक संपूर्ण प्रकरण भीतीवर आहे. येशू हा रोमन सत्तेखालचा गरीब ज्यू होता, त्याला नागरिकत्वाचे संरक्षण नव्हते, हे थर्मन प्रथम सांगतो. दुबळ्याची भीती त्याला सुरुवातीला वाचवते. पुढे तीच त्याला आतून मारते. आपण देवाची लेकरे आहोत ही खात्री पटली की धमकी देणाऱ्याचे आकारमान लहान होते, असे त्याचे म्हणणे. देव ही कल्पना बाजूला ठेवणाऱ्या वाचकालाही या विधानातली माणूसपणाची भाषा ओळखू येईल.

विचार कागदावर राहिला असता तर गोष्ट इथेच संपली असती. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्या एक थकलेली शिंपीण होत्या एवढेच सांगण्याची प्रथा आहे. त्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, हे मात्र विसरले जाते. जो अ‍ॅन रॉबिन्सन या कॉलेजातील प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रके छापली. तरीही बहिष्काराची सूत्रे हाती घेण्याची वेळ आली तेव्हा काही धर्मोपदेशक आपली नावे बाहेर फुटू नयेत या चिंतेत होते. ई. डी. निक्सन हा रेल्वेतला पोर्टर, कामगार चळवळीतला गडी. ज्या धुणीभांडी करणाऱ्या बायकांच्या पैशांवर तुम्ही जगता, त्यांच्यासाठी उभे राहायला घाबरता काय, असे त्याने त्यांना सुनावले. धर्माने धीर दिला हे खरे, पण धर्मगुरूंना धीर देण्यासाठी एका हमालाला बोलावे लागले, हेही इतिहासात लिहिले पाहिजे.

मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या घरी रोज धमक्यांचे फोन येत. २७ जानेवारी १९५६ च्या मध्यरात्री असाच एक फोन आला. झोप उडाली. त्याने स्वयंपाकघरात कॉफी केली आणि भित्रा न ठरता यातून अंग कसे काढून घ्यावे याचा विचार करीत तो टेबलाशी बसून राहिला. बाप धर्मोपदेशक, आजोबा धर्मोपदेशक. आतापर्यंतचा धर्म वारशाने मिळालेला. त्या रात्री तो मोठ्याने प्रार्थनेत म्हणाला की मी कमजोर पडतो आहे, माझे धैर्य संपत चालले आहे. आतून उभे राहण्याची आज्ञा ऐकू आली आणि भय ओसरू लागले, असे त्याने पुढे लिहिले. तीनच दिवसांनी त्याच्या घरावर बाँब पडला. आत पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी होती, दोघी बचावल्या. अंगणात हत्यारे घेऊन जमलेल्या संतप्त लोकांना किंगने घरी परत पाठवले.

मात्र या प्रसंगाला चमत्काराचे रूप देऊ नये. बाँबनंतर किंगने स्वतः बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नाकारला गेला. घरात काही काळ हत्यारी पहारेकरी होते. घरात बंदूक असताना आपण अधिक भीत होतो, हे त्याला मागाहून उमगले आणि मग ती गेली. म्हणजे स्वयंपाकघरातली रात्र हा शेवट नव्हता. श्रद्धा एका रात्रीत पुरी होत नाही; ती रोजच्या व्यवहारात तासून घ्यावी लागते.

तो व्यवहार चर्चमध्ये चालत होता. आठवड्यातून दोनदा तेथे सभा भरत. गाणी, प्रार्थना, हिशेब, मोटारींचे वेळापत्रक, सारे एकाच छपराखाली. चर्चच्या नावावर मोटारी घेतल्या गेल्या आणि त्या कामगारांची ने-आण करू लागल्या. बहिष्कार ३८१ दिवस टिकला, याचे श्रेय मोलकरणींच्या पायांना आणि या व्यवस्थेला आधी दिले पाहिजे, वक्तृत्वाला नंतर. एकट्या माणसाची भीती एकट्याने क्वचितच जाते. शेजारी बसलेली म्हातारी गाते आहे, तिलाही नोकरीवरून काढले जाऊ शकते, तरी ती गाते आहे, हे पाहिल्यावर तरुणाला मान वर करणे भाग पडते.

फेब्रुवारी १९५६ मध्ये सरकारने १९२१ चा जुना बहिष्कारविरोधी कायदा बाहेर काढून एकोणनव्वद जणांवर आरोप ठेवले. अटक या शब्दाने ज्यांच्या घरातल्या चुली विझत, ती माणसे आता आपण होऊन पोलीस कचेरीत गेली. निक्सन पहिला गेला. मागोमाग उपदेशक आले, हसत, चांगले कपडे घालून; आपले नाव यादीत आहे की नाही याची चौकशी करीत. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव घटनाबाह्य ठरवला, त्या रात्री क्लू क्लक्स क्लॅनच्या सुमारे चाळीस मोटारी काळ्यांच्या वस्तीतून फिरल्या. पूर्वी अशा वेळी दिवे मालवले जात, दारे बंद होत. या रात्री दिवे लागलेलेच राहिले, माणसे पायऱ्यांवर बसून जणू एखादी वरात पाहत होती. काही गल्ल्या फिरून मोटारी निघून गेल्या. क्लॅनच्या झग्याखाली शेवटी गावातलाच कोणी दुकानदार असतो, हे त्या रात्री उघडे पडले.

हे सारे घडत होते त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरला आपल्या लोकांनी भयाला जन्म देणारा धर्मच सोडला. माँटगमेरीच्या लोकांनी धन्याचा धर्म सोडला नाही, तो धन्याकडून काढून घेतला. त्यांच्या धर्मग्रंथात मोझेस होता. आपल्याला मनुस्मृतीत काय सापडले असते? दोन वाटांची तुलना करताना हा फरक नजरेआड करून चालणार नाही.

विजयानंतर सूड आला. बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. रोझा जॉर्डन या गरोदर स्त्रीच्या दोन्ही पायांना गोळी लागली. १० जानेवारी १९५७ रोजी चार चर्च आणि दोन पाद्र्यांची घरे बाँबने उडवली. त्याच महिन्यात विली एडवर्ड्स या तरुणाला क्लॅनवाल्यांनी पुलावरून नदीत उडी घ्यायला लावले. रोझा पार्क्सची नोकरी बहिष्काराच्या सुरुवातीलाच गेली होती. १९५७ साली त्यांना शहर सोडून डेट्रॉइटला जावे लागले. श्रद्धेने त्यांना भाकरी दिली नाही.

आणि पँथर? ते चिन्ह ओकलंडमध्ये जन्मले नाही. माँटगमेरीला लागूनच लाउंड्स हा परगणा आहे. तेथल्या काळ्या शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला आणि निरक्षर मतदारांना ओळखता यावे म्हणून काळा चित्ता ही निशाणी घेतली. हे लोक घरात बंदुका बाळगत, किंगची अहिंसा त्यांना पूर्णपणे मान्य नव्हती. ३ मे १९६६ रोजी नऊशेच्या वर माणसांनी आपले उमेदवार निवडण्यासाठी पहिल्यांदा मत टाकले, ते हेनव्हिलच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चपाशी. त्याच वर्षी ओकलंडच्या तरुणांनी ती निशाणी उचलली. जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी उपाशी मुलांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली, तीही सेंट ऑगस्टीन नावाच्या एका चर्चमध्येच.