शिष्यवृत्ती : बक्षीस की आधार?

इंग्रजीतील ‘स्कॉलरशिप’ या शब्दाचे अर्थ दोन : विद्वत्ता, आणि विद्यार्थ्यास मिळणारे अर्थसाहाय्य. भारतीय भाषांनी दुसऱ्या अर्थासाठी वेगळे शब्द घडविले. मराठी व गुजराती ‘शिष्यवृत्ती’ म्हणतात, हिंदी ‘छात्रवृत्ति’, तर कन्नड ‘विद्यार्थिवेतन’. परप्रांतांत नोकरी करताना हे सारे शब्द माझ्या फायलींतून गेले आणि ‘वृत्ती’पाशी मी थबकलो. वृत्ती म्हणजे उपजीविकेचे साधन. मराठेशाहीत ती वंशपरंपरेने चाले. शिष्यवृत्तीला मात्र वारस नसतो.

पेशवे श्रावणमासात पुण्यास दक्षिणा वाटीत. तो संपादन केलेल्या विद्येचा गौरव होता, आणि ब्राह्मणांपुरताच होता. पेशवाई गेल्यावर या निधीतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकीच. द्रव्य विद्वानाकडून विद्यार्थ्याकडे वळू लागले, पण समाजातील वर्तुळ अद्याप लहानच होते.

ते वर्तुळ ओलांडणारे ठळक उदाहरण १९१३चे. सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पुढे आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. एका संस्थानिकाचे औदार्य आता शासनाचे कर्तव्य झाले.

परंतु कर्तव्याला वेळेचे भान लागते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला दिसते ते असे : सत्राच्या आरंभी मिळालेली रक्कम शिक्षण शक्य करते; वर्षअखेरीस मिळालेली तीच रक्कम केवळ परतफेड ठरते, आणि जो आधी उसनवारी करू शकला त्याच्याच उपयोगी पडते. ज्याला कोणी उसने दिले नाही, तो यादीतून केव्हाच गळालेला असतो. तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपये मंजूर केले, केंद्राचा वाटा ६० टक्के ठरविला आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याचे धोरण स्वीकारले. हा बदल महत्त्वाचाच. तथापि आकड्याइतकेच महत्त्व तारखेला आहे. विलंबाने दिलेली शिष्यवृत्ती पुन्हा दक्षिणाच होते : शिकून झालेल्याला दिलेले बक्षीस.